गच्चीला टाळं

माझी बहीण श्रुतिका दोन महिने रोज सकाळी डबा घेऊन ऑफिसला निघायची, आणि त्या दोन महिन्यांत ती एकदाही ऑफिसला गेली नव्हती. हे आम्हाला मार्चमधल्या एका मंगळवारी दुपारी कळलं. तेही आधी बिल्डिंगला कळलं, मग आम्हाला.

आम्ही घाटकोपर पूर्वेला पंतनगरात राहतो. जुन्या तीन मजली इमारती पाडून बिल्डरने चौदा मजल्यांच्या दोन विंग उभ्या केल्या, त्यात चौऱ्याऐंशी घरं. खाली गेट दोन, लिफ्ट वेगळ्या, पण वरची गच्ची दोन्ही विंगना मिळून एकच. श्रुतिका पावणेनऊला आमच्या ए विंगमधून उतरायची, रिक्षास्टँडपर्यंत चालत जायची, तिथून वळसा घालून मागच्या गेटने बी विंगमध्ये शिरायची आणि त्यांच्या लिफ्टने थेट गच्चीवर. पाण्याच्या टाकीमागे सावली असते. तिथे ती संध्याकाळपर्यंत बसायची. डबा तिथेच खायची. सहाला तोंड धुऊन घरी यायची आणि आई विचारायची, "दमलंस गो?" ती म्हणायची, "हो."

त्या मंगळवारी सेक्रेटरी गावडेंच्या बायकोने, विमलाकाकीने, कुरडया वाळत घातल्या होत्या. त्या परतायला ती वर गेली आणि तिला टाकीमागे कठड्याला टेकून बसलेली श्रुतिका दिसली. काकीने आरडाओरडा केला. पाच मिनिटांत वीस माणसं वर. कुणी तिचा हात धरला, कुणी खांदे. एकाने मोबाईल काढला. मी तेव्हा मुलुंडला दुकानात होतो. सोसायटीच्या ग्रुपवर पंधरा सेकंदांचा व्हिडिओ आला, खाली लिहिलं होतं, 'ए विंगमधील मुलगी गच्चीवर. सुदैवाने अनर्थ टळला. पालकांनी लक्ष द्यावे.' आणि जोडलेल्या हातांचं चित्र. व्हिडिओत माझी बहीण दोन बायकांच्या मध्ये उभी होती आणि सारखं एकच म्हणत होती, "मी बसले होते. मी फक्त बसले होते."

मी घरी पोचलो तेव्हा दाराबाहेर चपलांचा ढीग होता. आत आई, आमच्या मजल्यावरच्या चार बायका, आणि कोपऱ्यात खुर्चीवर बाबा. श्रुतिका पलंगावर. मी सगळ्यांना हात जोडून बाहेर काढलं. दार लावल्यावर आईने विचारलं. माझी आई जानकी, चाळीस वर्षं मुंबईत आहे, पण घाबरली की अजून मालवणीच बोलते.

"उडी मारूक गेललंस काय गो?"

"नाही गं आई. बसले होते."

"मगे ऑफिस?"

तेव्हा ते बाहेर आलं. नोकरी तिने जानेवारीतच सोडली होती. पवईला एका विमा कंपनीच्या ऑफिसात ती ग्राहकांच्या तक्रारींना चॅटवर उत्तरं द्यायची. एका वेळी चार-चार माणसं समोर, चौघंही चिडलेली, आणि प्रत्येकाला नव्वद सेकंदांत उत्तर गेलं पाहिजे. एके दिवशी तिची बोटं चालेनात. कीबोर्ड समोर, काय लिहायचं ते डोक्यात, पण बोटं हलेनात. ती बाथरूममध्ये जाऊन पाऊण तास बसली. दुसऱ्या दिवशी पुन्हा तेच. तिसऱ्या दिवशी तिने राजीनाम्याचा मेल पाठवला.

"माका सांगूक काय झाला होता तुका?" आईने विचारलं.

"काय सांगणार? सोडली म्हणून सांगितलं असतं, तर का सोडली विचारलं असतंस. ते मलाच सांगता येत नव्हतं."

आई रडायला लागली. माझे बाबा गुणाजी मेस्त्री, विक्रोळीला एका कंपनीत स्टोअरकीपर आहेत. आयुष्यभर त्यांनी वस्तू मोजून जागेवर ठेवल्या. ही गोष्ट कुठल्या फळीवर ठेवायची ते त्यांना कळत नव्हतं. आणि मी? मी तिच्याच घरात, तिच्यापासून चार फुटांवर झोपत होतो. मलाही दोन महिने काही दिसलं नव्हतं, तर लोकांना काय बोलू?

दुसऱ्या दिवसापासून मात्र चौऱ्याऐंशी घरांचे डोळे उघडले. तिला लिफ्टमध्ये पाहिलं की बोलणं थांबायचं. खाली दूध आणायला गेली तरी वॉचमन विचारायचा, "मॅडम, किधर?" आठव्या मजल्यावरच्या रश्मीताईने योगासनांचे व्हिडिओ पाठवले. बाबांच्या चुलतभावाचा गावाहून फोन आला, देवाक गाऱ्हाणा घालूक होया, चेडवाक घेवन येवा, म्हणजे मुलीला घेऊन गावी या. बी विंगमधले कुंडलिककाका भले गृहस्थ, ते येऊन म्हणाले, आमच्या विहारात रविवारी ध्यान असतं, तिला पाठवा. कुणी म्हणालं, लग्न करा. सगळे आईशी बोलायचे, माझ्याशी बोलायचे. श्रुतिका समोर बसलेली असली तरी तिच्याकडे बघून आईला विचारायचे, "आता बरी आहे ना?"

आईला मी मानलं. गाऱ्हाण्याचं तिने ऐकून घेतलं आणि म्हणाली, "घालूया, पण आधी डॉक्टर." पालिकेच्या हॉस्पिटलात केसपेपर काढून ती श्रुतिकाला घेऊन तीन तास बाकावर बसली. डॉक्टरने नीट विचारलं, गोळ्या लिहून दिल्या, दर पंधरा दिवसांनी यायला सांगितलं. समुपदेशनासाठी तारीख मिळाली ती दीड महिन्यानंतरची. एवढ्या मोठ्या हॉस्पिटलात ते काम करणारी बाई एकच.

एकदा मीही धीर करून श्रुतिकाला विचारलं. आम्ही जिन्यात बसलो होतो.

"खरं सांग. त्या दिवशी काही मनात होतं?"

"त्या दिवशी नाही. फेब्रुवारीत एकदा आलं होतं. मग टाकीत पाणी पडायला लागलं. तो आवाज ऐकत बसले. गेलं ते."

"आता?"

"आता नाही येत. आलं तर सांगेन."

"नक्की?"

"तुला सांगेन रे. ग्रुपवर नाही टाकणार."

मला हसू आलं.

"दादा, मला वर बसायला बरं वाटायचं," ती म्हणाली. "दोन खोल्यांत आपण चौघं. आईचा टीव्ही, बाबांचा रेडिओ, तुझे फोन. वर कुणी काही विचारायचं नाही. आता तिथे जायचं म्हटलं तरी लोक धावत येतील."

लोक त्याहून पुढे गेले. पंधरा दिवसांनंतरच्या रविवारी सकाळी अकरा वाजता सोसायटीची खास मीटिंग ठेवली. विषय : गच्चीची सुरक्षितता.

आता मला विद्याधर गावडेंबद्दल सांगायला हवं, कारण त्यांच्याबद्दल मला जे माहीत आहे ते बिल्डिंगमध्ये कुणालाच माहीत नाही.

मी डी. फार्म केलंय आणि मुलुंडला स्टेशनजवळ एका मेडिकलमध्ये फार्मसिस्ट आहे. घाटकोपरमध्ये शंभर मेडिकल आहेत. तरी गेल्या वर्षी एके संध्याकाळी गावडेकाका आमच्या काउंटरसमोर येऊन उभे राहिले. चार वेळा घडी घातलेला कागद त्यांनी पुढे केला, मग वर बघितलं, आणि समोर मी. त्यांचा चेहरा असा झाला की मलाच लाज वाटली. ओळखीचं कुणी भेटू नये म्हणून माणूस इतक्या लांब आला होता.

"साडूच्या मुलाचं आहे," ते म्हणाले.

कागदावर नाव होतं देवेश विद्याधर गावडे, वय तेवीस. देवेश, त्यांचा एकुलता एक मुलगा. बिल्डिंगमध्ये सगळ्यांना माहीत होतं की देवेश पुण्याला कंपनीत असतो. गोळ्या मनाच्या गंभीर आजारावरच्या आहेत हे मला त्यांची नावं वाचताच कळलं. त्या घेणारा मुलगा पुण्यात एकटा राहत नसतो. मी काही न बोलता कागदावर शिक्का मारला आणि पाकीट दिलं. आमचे मालक चंद्रप्रकाशभाई, त्यांचा एकच नियम आहे : काउंटरवर कळलेलं काउंटरवरच राहतं. तो मी पाळला. आईलाही सांगितलं नाही. गावडेकाका मग दर महिन्याच्या सहा तारखेला यायचे. मी पाकीट तयार ठेवायचो. आम्ही हवापाण्याचं बोलायचो.

म्हणजे आमच्या ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर श्रुतिका होती आणि नवव्या मजल्यावर देवेश. दोघं लहानपणी एकाच बसने शाळेत जायची. आणि देवेश घरातच आहे हे बिल्डिंगमध्ये एकट्या मला माहीत होतं.

मीटिंगला ऑफिसात खुर्च्या पुरल्या नाहीत. गावडेकाकांनी कागद वाचला. गच्चीला टाळं लावायचं, चावी वॉचमनकडे राहील, पन्नास वर्षांवरच्या सभासदालाच मिळेल, टाकी साफ करणाऱ्याला सेक्रेटरीच्या परवानगीने. मग लोक बोलायला लागले. कुणी म्हणालं, आमच्याही मुली आहेत, त्यांच्या मनावर काय परिणाम होतो याचा विचार करा. कुणी म्हणालं, उद्या पोलिस आले तर बिल्डिंगचं नाव खराब होईल. रश्मीताई म्हणाली की हल्लीच्या मुलांना सगळं हातात मिळतं ना, म्हणून. कुंडलिककाका तेवढे उठून म्हणाले, "मुलीला कुणी विचारलंय का, तिला काय पाहिजे?" पुन्हा टाळ्याची चर्चा सुरू झाली. कुलूप साधं की नंबरचं, यावर पंधरा मिनिटं गेली.

मी उठून म्हणालो, "टाळं लावून काय होणार? ती तिथे बसायला जायची. तिला बसायला दुसरी जागा देणार आहात का तुम्ही?"

गावडेकाका माझ्याकडे न बघता म्हणाले, "नितेश, भावनेच्या भरात बोलू नकोस. अशी मुलं घरात सांभाळायची असतात. बाहेर सोडायची नसतात."

माझ्या डोक्यात तिडीक गेली. तोंडापर्यंत आलं होतं. एक वाक्य पुरेसं होतं. सहा तारीख, मुलुंड, देवेश. त्या खोलीतल्या प्रत्येकाने मान वळवून त्यांच्याकडे बघितलं असतं, जसे पंधरा दिवस आमच्याकडे बघत होते.

"काका, तुम्ही..." मी म्हणालो.

त्यांनी तेव्हा माझ्याकडे बघितलं. मागच्या रांगेत विमलाकाकी पदर तोंडाशी धरून बसली होती. आईने माझा शर्ट ओढला. तिला वाटलं मी शिवी देईन.

मी बसलो. वाक्य गिळलं. ते अजून पोटात आहे.

ठरावाला हात वर करायला सांगितले. सगळे हात वर गेले, कुंडलिककाकांचा, आईचा आणि माझा सोडून. आईने हात मांडीवर ठेवले होते. आणि माझ्या डावीकडे बाबांनी हात वर केला.

घरी येताना जिन्यात मी त्यांच्यावर ओरडलो. "तुम्ही? तुम्ही हात वर केलात?"

"तिला काही झालं असतं तर?" बाबा म्हणाले. एवढंच. मी त्यांना कधी रडताना बघितलं नाही, तेव्हाही ते रडले नाहीत, पण कठडा धरून पुढच्या पायरीवर पाय ठेवायला त्यांना वेळ लागला. त्या माणसावर किती चिडायचं?

गावडेकाकांवर मात्र मी चिडलो आणि चिडून चुकलो. दोन दिवसांनी लिफ्टमध्ये आम्ही दोघंच होतो. मी म्हणालो, "अशी मुलं घरात सांभाळायची असतात, नाही का काका?" ते नवव्या मजल्याऐवजी पाचव्यावरच उतरले आणि जिन्याने गेले. मला तेव्हा फार बरं वाटलं.

एप्रिलची सहा तारीख आली. मी पाकीट काढून ठेवलं होतं. ते आले नाहीत. सात, आठ, नऊ. अशा गोळ्या अचानक बंद झाल्या तर काय होतं हे मी परीक्षेसाठी पाठ केलेलं आहे. दहा तारखेला चंद्रप्रकाशभाईंनी विचारलं, "ये पैकेट किसका है?" मी म्हणालो, येतील. तेरा तारखेला संध्याकाळी मी लवकर सुटलो आणि सरळ नवव्या मजल्यावर जाऊन बेल वाजवली.

दार गावडेकाकांनी उघडलं, पण साखळी तशीच ठेवून. फटीतून त्यांचा अर्धा चेहरा दिसत होता.

"काका, गोळ्या."

"हळू बोल." त्यांनी मागे वळून पाहिलं. "भांडुपला घेतो आता."

"खंड नाही ना पडला?"

ते म्हणाले, "चार दिवस पडला. नवीन दुकानवाला नवीन कागद मागत होता. डॉक्टर गावाला गेलेले."

"मग?"

"मग काय. चार दिवस झोपला नाही. आम्हीही नाही." त्यांचा आवाज रागाचा नव्हता. रागाचा असता तर बरं झालं असतं. "आता ठीक आहे."

चार दिवस. लिफ्टमधल्या माझ्या एका वाक्याची ही किंमत, आणि ती देवेशने भरली होती. मी म्हणालो, "काका, माझं चुकलं. मी कुणाला बोलणार नव्हतो. कधीच नाही. तुम्ही मुलुंडला या."

त्यांनी मान हलवली, त्याचा अर्थ हो की नाही कळला नाही. मला तिथून जायला हवं होतं. पण मी थांबलो.

"आणखी एक सांगू? देवेशला बाहेर काढा. श्रुतिका आहे. ती काही विचारणार नाही, तिला स्वतःला कुणी विचारलेलं आवडत नाही. नुसती बसतील दोघं. तुम्ही गच्ची उघडा."

"तो पुण्याला असतो," गावडेकाका म्हणाले.

आतून, अगदी जवळून, कुणीतरी खुर्ची सरकवली. आम्ही दोघांनी तो आवाज ऐकला. त्यांनी माझ्याकडे बघतच दार हळूच लावलं.

मी खाली येताना मोजले. सहा मजले. सहा मजल्यांच्या अंतरावर चोवीस वर्षांचा मुलगा आणि तेवीस वर्षांची मुलगी, दोघांनाही वाटतं की आपल्यासारखं बिल्डिंगमध्ये दुसरं कुणी नाही. हे खोटं आहे हे सिद्ध करायला मला एक मिनिट लागलं असतं. आणि ते मिनिट माझं नव्हतं. घरी श्रुतिका भाजी निवडत होती. म्हणाली, "काय झालं? कुणाशी भांडलास?" मी म्हणालो, "कुणाशी नाही."

मेमध्ये सोसायटीची नोटीस लागली. ज्येष्ठ नागरिकांच्या मागणीनुसार गच्ची रोज संध्याकाळी पाच ते सात चालण्यासाठी उघडी राहील. सही, सेक्रेटरी. मी दोन-तीन ज्येष्ठांना विचारलं. त्यांनी कसलीच मागणी केली नव्हती. पण उघडी झाली म्हटल्यावर गेले चालायला.

श्रुतिकाही जायला लागली. पहिल्या दिवशी चालणारे म्हातारे थांबून बघत राहिले. आठवडाभराने बघायचे थांबले. कुंडलिककाका तिच्याशी क्रिकेटबद्दल बोलतात, तिला क्रिकेटमधलं काही कळत नाही. गोळ्या चालू आहेत. समुपदेशनाच्या दोन भेटी झाल्या, तिसरीची तारीख पुढे गेली, ती बाई रजेवर आहे. श्रुतिका म्हणते, चांगल्या आहेत त्या, पण बाहेर पन्नास माणसं बसलेली असतात, त्यांची नजर घड्याळावर जाते. नोकरीचं अजून नाव काढायचं नाही असं आईने सगळ्यांना बजावलंय. नातेवाइकांना फोनवर ती सांगते, "ता बरा हा. तुमी कसे आसात?" आणि विषय बदलते.

देवेश मला अजून दिसलेला नाही.

परवा श्रुतिका गच्चीवरून आली ती विचारात पडून. मी जेवत होतो.

"दादा, गावडेकाका विचित्रच आहेत. मीटिंगमध्ये माझ्याबद्दल एवढं बोलले म्हणालास ना तू? आज माझ्या शेजारी येऊन उभे राहिले. मग एकदम म्हणाले, 'गोळ्यांनी झोप फार येते का गं?'"

"तू काय म्हणालीस?"

"म्हटलं, पहिला महिना येते. मग जरा कमी होते. तर म्हणाले, 'आणि बोलावंसं वाटत नाही, ते?' मी म्हटलं, ते हळूहळू वाटतं. पण समोरच्याने घाई करायची नाही." तिने पाणी ओतून घेतलं. "मग थँक्यू म्हणाले. मला. का रे विचारलं असेल त्यांनी?"

बिल्डिंगमधल्या कुणीतरी पहिल्यांदाच तिला स्वतःला खरा प्रश्न विचारला होता, आणि तो कुणासाठी होता हे तिला माहीत नव्हतं. मला माहीत होतं. मी घास गिळला.

"काय माहीत," मी म्हणालो. "उद्या पुन्हा विचारलं तर सांग त्यांना. सगळं सांग."